कमानगराची हाजिरी

नबीलाल कमानगरांना आमचं गाव वर्षातून एक दिवस ओळखतं. बाकीचे दिवस ते 'खाटवाले मामू' असतात. कुणाच्या खाटेची माची लचकली, कुणाच्या कुळवाचं रुमणं मोडलं, की गावाला मामू आठवतात. काम झालं की विसरतात. विसरण्याच्या बाबतीत आमचं गाव फार नियमित आहे.

गाव परंड्यापासून दोन कोसांवर. मामूंचं अंगण आणि आमचं परसू यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून गेली एकतीस वर्षं कोथिंबीर, विरजण आणि बातम्या इकडून तिकडं जातात. त्यामुळं जे सांगते ते ऐकीव कमी आणि बघितलेलं जास्त आहे.

कमानगर म्हणजे कमानी करणारे. कमान म्हणजे धनुष्य. मामूंचे पणजोबा-खापरपणजोबा परंड्याच्या किल्ल्याला कमानी पुरवायचे म्हणतात. पुढं बंदुका आल्या, मग किल्ल्यात वटवाघळं आली, आणि घराण्याकडं आडनाव तेवढं राहिलं. मामूंचा मुलगा आरिफ कुर्डुवाडीला मोबाइलच्या काचा बदलतो. त्यानं दुकानाच्या पाटीवर आडनाव लिहिलं तेव्हा एका गिऱ्हाईकानं विचारलं म्हणे, "इथं स्कूटरच्या कमानी पण मिळतात का?"

पण त्या एका दिवसाला मात्र या आडनावाला काम पडतं. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी आमचा खंडोबा शिकारीला निघतो. पालखी वाजतगाजत शिवेबाहेरच्या माळावर जाते. तिथं एक मोठा कोहळा मांडलेला असतो. त्याला कोळशाचे डोळे आणि मुळ्याचे दोन सुळे लावले की त्याचं रानडुक्कर होतं. मानकऱ्यानं धनुष्यानं त्याला बाण मारायचा. शिकार झाल्याशिवाय देव परत गावात शिरत नाही, अशी रीत आहे. खरी रानडुकरं तेव्हा शेजारच्या ज्वारीत उभी राहून हा सोहळा बघत असतात. त्यांना दगड मारायचा झाला तरी आम्ही चार जणांना विचारतो, कोहळ्यावर मात्र शूर आहोत.

बाण सुटायच्या आधी गुरव मोठ्यानं पुकारा करतो, "कमानगर!" निजामाच्या काळापासूनची ही पद्धत. मग गर्दीतून मामूंनी म्हणायचं, "हाजीर!" म्हणजे कमान मी केली आहे, तिचा जबाब माझ्यावर. मगच बाण लावायचा. मामूंचा मान एवढाच, एक शब्द. पण त्या एका शब्दासाठी मामू पंधरा दिवस आधी केस कापतात आणि त्यांच्या पत्नी नसीमबी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला नीळ घालतात.

यंदा दोन गोष्टी नव्या झाल्या. बावीस वर्षं बाण मारणारे बलभीमअण्णा वयानं थकले, आणि मान त्यांच्या पुतण्याकडं, रणधीरकडं आला. रणधीर बार्शीला व्यायामशाळेत जातो. म्हणजे जातो हे आम्हाला माहीत आहे, कारण तो गेला की फोटो येतो. दुसरं म्हणजे रामलिंगराव. गावच्या सरपंच तारामतीबाई आहेत, असं पाटीवर लिहिलंय. त्या घरी शेळ्या बघतात, आणि त्यांचे यजमान रामलिंगराव त्यांची खुर्ची गार पडू देत नाहीत. त्यांनी यात्रेच्या बैठकीत जाहीर केलं, "आता फायबरची कमान घरपोच येती. लाकडाचं किती दिवस धरून बसायचं? यंदा बघू. यंदा कमानीनं दगा दिला तर पुढच्या सालापासून फायबर. मग कमानगराचा पुकाराबी बंद."

मामू कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार? बैठकीत खाटवाल्याला बोलायचा रिवाज नाही.

कमान माणूस बघून करतात, हे मला मामूंमुळं कळलं. कपड्याचं माप घेतात तसं ताकदीचं माप घ्यायचं. त्यांनी रणधीरला अंगणात बोलावलं. कडुलिंबाच्या फांदीवरून दोर सोडला, एका टोकाला दगडांची गोणी बांधली, दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"कानापतुर वडायचं आनि धा दम धरून थांबायचं, रणधीरबाबा."

"हे काय मामू, पोरखेळ! पन्नास किलोची करा डायरेक्ट."

"करू की. आधी ही वडा."

रणधीरनं ओढली. एक, दोन, तीन, चार. चौथ्या श्वासाला गोणी धपकन खाली आली आणि नसीमबींची कोंबडी ओरडत पळाली.

"काल छातीचा व्यायाम होता," रणधीर म्हणाला.

"हौ, असंल," असं म्हणून मामूंनी गोणीतनं एक दगड काढला. मग दुसरा. तिसरा काढल्यावर रणधीरचे दहा श्वास झाले. मामूंनी गोणी उचलून आत नेली आणि त्या वजनाचं कुणाला काही सांगितलं नाही. रणधीरनं जाताना परत बजावलं, "कडक करा हां मामू, एकदम कडक."

भिंतीपलीकडून मी विचारलं, "खरंच पन्नासची करणार का?"

"कमान मानसाला करायची असती ताई," मामू म्हणाले. "फोटोला न्हाई."

लाकूड धामणीच्या झाडाचं. बालाघाटाच्या डोंगरातनं आणलेलं, दोन वर्षं कडब्याखाली वाळवलेलं. मामू नेहमी दोन कांबी तासून ठेवतात, कारण एखादी वाकवताना दगा देते. कमानीला पाठ असते आणि पोट असतं. पाठ शिकारीकडं, पोट ओढणाऱ्याकडं. पाठीला हत्यार लावायचं नाही, तिथला लाकडाचा एक पदर जरी तुटला तरी कमान जाते. जे काय खरवडायचं ते पोटाचं. आमच्या गावात उलटी पद्धत आहे. पोट सगळे राखतात आणि पाठीवरच एकमेकांचं खरवडतात.

मामूंच्या भिंतीत एक खुंटी आहे. तिच्यावर कमान मधोमध टेकवायची, दोरी हळूहळू खाली ओढून अडकवायची, आणि लांब जाऊन बघायचं. कमानीचे दोन्ही हात सारखे वाकतात का? कुठं ताठ राहिलंय? कुठं जास्त मुडपतंय? जिथं ताठ आहे तिथं फुटक्या काचेनं दोन-चार पातळ झिलप्या काढायच्या. जिथं जास्त वाकतंय तिथं हातही लावायचा नाही. मग परत खुंटीवर. लाकडाला नवीन वाक कळावा म्हणून तीसेक वेळा हळू ओढायची, आणि परत बघायचं. मामू पाव तास बघतात आणि अर्धा मिनिट खरवडतात. नसीमबी आतून म्हणतात, "अजी, बघूनच बारीक होती काय ती? माझ्याकडं बघून झाली का कधी मी बारीक?"

पंधरा दिवसांनी कमान झाली. दोरीला पीळ देऊन देऊन मामूंनी तिचा आवाज लावला. चांगली कमान सुटली की 'थम्म' असा दबका आवाज येतो, घराच्या आत कुणीतरी पाट ठेवल्यासारखा. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी ती देवळात दिली. देताना मामूंनी रणधीरला एकच गोष्ट सांगितली, तीही दोनदा. "बाण न लावता वडून सोडू नका. रिकामी सोडली की सगळा झटका तिच्याच अंगावर जातो. फुटती."

"माहितीय मामू, यूट्यूबवर असतं सगळं."

गुरव वीरभद्रअप्पांनी कमानीची पूजा केली, भंडारा लावला. भंडारा लागला की ती लाकूड राहत नाही, देव होते. मग ओढणाऱ्या मानकऱ्याशिवाय तिला कुणी शिवायचं नाही. करणाऱ्यानंसुद्धा नाही. शिकार झाली की मग परत ती लाकूड. हे मला पटतं. देवाला कायम देवपणा दिला की माणसं त्याच्याआड काहीही लपवतात. तेवढ्या दोन दिवसांत किती लपवता येतं, ते आम्हाला यंदा कळलं.

चंपाषष्ठीला संध्याकाळी माझ्या जावेची वैष्णवी भिंतीशी येऊन नसीमबींना मोबाइल दाखवत होती. रणधीरनं देवळामागं उभं राहून व्हिडिओ टाकला होता. वर लिहिलं होतं, 'वाघ निघाला शिकारीला'. वाघ कमान ओढत होता आणि सोडत होता, ओढत होता आणि सोडत होता. बाण नव्हताच. गाणं लावायला विसरला होता, त्यामुळं आवाज स्वच्छ येत होता.

मामू चहा पीत होते. बशी तशीच हातात राहिली.

"वैष्णवी बेटा, परत लाव."

तिनं लावलं. थम्म. थम्म. थम्म. थम्म.

"शेवटचं."

शेवटचा आवाज वेगळा होता. वाळकी शेंग मोडावी तसा. टक.

मामूंनी तीनदा ऐकलं. मग बशी खाली ठेवली. "पोटात गेली," ते म्हणाले. "उद्या कानापतुर वडली की दोन तुकडं हुतील. वरचा त्याच्या तोंडावर येईल. डोळा जाईल पोराचा."

सकाळी मामू आधी रणधीरकडं गेले. रणधीर म्हणाला, "म्या हातबी लावला न्हाई कमानीला." त्याला हात लावताना गावातल्या सहाशे जणांनी बघितलं होतं, आणि दोनशे जणांनी खाली वाघाचं चित्रही टाकलं होतं. मग मामू देवळात गेले. कमानीवर कालपेक्षा जास्त भंडारा होता. नुसता नव्हे, तेलात कालवून लिंपलेला, बरोबर पोटाच्या वरच्या अंगाला. मामूंनी वीरभद्रअप्पांना विचारलं, "एवढं पुसून बघू का?" अप्पा धर्मसंकटात पडले. "आता देव हाय हो ती, नबीलाल. मला बी पुसता यायचं न्हाई."

शेवटी मामू रामलिंगरावांकडं गेले. ते माईक तपासत होते.

"कमान फुटलीय, साहेब. बाण मारू नका."

रामलिंगरावांनी माईक खाली घेतला. "म्हंजे तुमची कमान मोडकी हाय, असं तुमीच सांगताय?"

"मी दिली तवा चांगली हुती."

"ते मला काय माहीत? मोडकी असली तर आपलं ठरलंय. पुढच्या सालापासून फायबर. आनि चांगली असली तर बाण मारायचा. दोन्हीतलं एक बोला."

मामू तसेच वळले. ते घरी आले, नीळ घातलेला सदरा घातला आणि माळावर गेले. नसीमबी एरवी येत नाहीत, त्या दिवशी माझ्याबरोबर आल्या.

पालखी टेकली. कोहळा मांडला. हलगी थांबली. वीरभद्रअप्पांनी पुकारा केला, "कमानगर!"

मामू पुढच्या रांगेत उभे होते. बोलले नाहीत.

अप्पांना वाटलं, ऐकू गेलं नाही. "कमानगर!"

मामूंचे ओठ घट्ट मिटलेले. नसीमबींनी माझं मनगट धरलं होतं, त्यांच्या बांगड्या मला रुतत होत्या.

"कमानगर! हाजीर हाय का?"

वर्षातला एक शब्द, आणि तो त्यांनी गिळला. मला अजून त्याचं आश्चर्य वाटतं. 'हाजीर' म्हणाले असते तर मान राहिला असता, सगळ्यांसमोर वाघाची फजिती झाली असती आणि जबाब झटकायला व्हिडिओचा पुरावा मामूंकडं होताच. पण डोळा त्या पोराचा होता.

रामलिंगराव माईकवर ओरडले, "नसंल म्हणत तर ऱ्हाऊ द्या! शिकार काय त्याच्यासाठी थांबती? रणधीर, लाव बाण!"

"कमानगराशिवाय शिकार मोजत न्हाईत," अप्पा म्हणाले.

"मी मोजतो! लाव!"

आता सगळे रणधीरकडं बघत होते. रणधीर कमानीकडं बघत होता. ती आतून कशी आहे हे त्या माळावर दोनच माणसांना पक्कं माहीत होतं, आणि त्यातला एक तो होता. त्यानं बाण लावला. दोरी चार बोटं ओढली. हळूच सैल केली.

"खांदा धरलाय," तो म्हणाला.

मागून बलभीमअण्णा काठी टेकत पुढं आले. "कुठला खांदा? दाव." कुणी दाखवायच्या आत त्यांनी कमान काढून घेतली. बावीस वर्षांचे मानकरी, त्यांना कोण अडवणार? अण्णांनी धोतराचा सोगा घेतला, देवाला हात जोडून "माफी असावी" म्हणाले, आणि पोटावरचा भंडारा पुसला. करंगळीएवढी आडवी भेग. तीत पिवळं तेल मुरलेलं.

"वाघा," अण्णा पुतण्याला म्हणाले, "नख लागलं काय रे तुझं?"

माळावर जे हसू फुटलं त्यानं ज्वारीतली डुकरं पळाली. शिकारीचा म्हणून तेवढाच काय तो परिणाम झाला.

रामलिंगरावांनी माईकवर सांगितलं की काही तांत्रिक अडचणीमुळं शिकार पुढं ढकलण्यात येत आहे. पण देव कसा पुढं ढकलणार? शिकार नाही तर देव गावात नाही. पालखी माळावरच्या बोरीखाली ठेवली आणि राखणीला कमिटी बसली. मार्गशीर्षातली थंडी, उघडा माळ, आणि यात्रेची सगळी कमिटी घोंगड्यात. देवाला थंडी वाजत नाही असं म्हणतात. तरी मी सकाळ-संध्याकाळ निरांजन नेत होते, आणि मूर्तीवर एक घोंगडी घालून आले. कमिटीसाठी नेली नाही.

मामू म्हणाले, "दुसरी कांब हाय. चार दिवस लागतील."

"दोन दिवसांत करा."

"चार."

रामलिंगरावांनी तिथंच मोबाइल काढला आणि फायबरची कमान मागवली. रणधीर शेजारीच होता. केवढी मागवायची असं विचारल्यावर, एवढं होऊनही, तो म्हणाला, "सगळ्यात कडक."

झालं. इकडं मामूंची खुंटी आणि तिकडं रामलिंगरावांचा मोबाइल. ते तासातासाला सांगायचे, पार्सल सोलापूरला आलं, पार्सल बार्शीला आलं. मामू खुंटीवरच्या कमानीकडं बघत बसलेले. नसीमबींचा जीव वरखाली. "खरवडा की जी! ती पेटी गावात शिरली तर तुमचं आडनाव काय चुलीत घालू?"

"ज्यादा खरवडली तर परत चिटकिवता येत नाही," मामू म्हणाले, आणि पुन्हा बघू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पार्सल आलं. काळी चकचकीत कमान, मधे लाल पकड. सगळा गाव माळावर. वीरभद्रअप्पांनी जडपणानं पुकारा केला, "कमानगर!" आणि रामलिंगराव माईकवर म्हणाले, "हाजीर!" कंपनीच्या वतीनं. मामू घरी होते. भोंग्याचा आवाज आमच्या परसात स्पष्ट आला. मामूंच्या हातातली काच जरा थांबली, मग परत चालू झाली.

पुढचं वैष्णवीनं धावत येऊन सांगितलं. रणधीरनं बाण लावला, ओढली. ती अर्ध्यावर अडली. त्यानं दात खाल्ले, मान वाकडी केली, पाय फाकवले. कमान जागची हलेना. हात लटलट कापायला लागले आणि बाण आपोआप सुटला. कोहळ्याच्या अलीकडं दहा पावलांवर आडवा पडला. कोहळ्याला ओरखडासुद्धा नाही. फायबरला खरवडता येत नाही, तिला माणसाचं माप कळत नाही. कडक म्हणजे कडक. रामलिंगरावांनी कंपनीला फोन लावला, तर तिकडून एक बाई हिंदीत म्हणत राहिली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

संध्याकाळी, दिवस असताना, रणधीर भिंतीपाशी आला. एकटा, मोबाइल खिशात. "मामू, माझ्या अंगाला लावून बघायची असंल ना?"

"हौ. बसा."

मामूंनी त्याला तीस वेळा कमान हळूहळू ओढायला लावली. दर दहा ओढींनंतर कमान हातात घेऊन दोन झिलप्या काढायच्या. रणधीरचा शर्ट भिजला. भिंतीवरून निम्मी गल्ली बघत होती, आणि कुणी काही बोलत नव्हतं, हे आमच्या गल्लीला फार जड गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी माळावर वीरभद्रअप्पांचा आवाज बसलेला होता. चार दिवस थंडीत बसून बसणारच. "कमानगर!"

"हाजीर!" मामू म्हणाले. पहिल्याच पुकाऱ्याला, आणि माईक नसताना शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. नसीमबी माझ्या शेजारी डोळे पुसत म्हणाल्या, "धूळ लई हाय बाई माळावर."

रणधीरनं कानापर्यंत ओढली, हात न कापता. थम्म. बाण कोहळ्याच्या डोळ्याखाली शिरला. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला. शाली रामलिंगरावांना मिळाल्या, एक स्वतःसाठी आणि एक तारामतीबाईंच्या वतीनं. अडचणीच्या काळात यात्रा सुरळीत पार पाडल्याबद्दल. मामूंना नारळ मिळाला. फायबरचं काय, ते बैठकीत बघू म्हणाले. बैठक अजून झालेली नाही, आणि फायबरची पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटावर आहे.

लोक कोहळ्याची फोड मिळावी म्हणून धावले. मामू उलट्या दिशेनं रणधीरकडं गेले, कमान त्याच्या हातातून घेतली आणि गुडघ्याला टेकवून दोरी उतरवायला लागले. "काम झालं की उतरवायची," ते म्हणाले. "ताणून ठेवली की मरती."

रणधीरनं दुसरं टोक धरलं. मग राहवलं नाही.

"मामू, पुढच्या साली जरा कडक करता का?"

"करू की," मामू दोरी गुंडाळत म्हणाले. "तुमी खांदा आना, लाकूड माझ्याकडं हाय."